आहेराला कर माफ

कमरभाभी दुकानात आल्या त्या चपला पायरीवर काढून. भांड्यांच्या दुकानात कुणी चपला काढत नाही. लोक चिखलाच्या पायांनी येतात, कढई उलटी करून बोटाने वाजवतात, भाव विचारतात आणि 'येतो जाऊन' म्हणून जातात. त्यामुळे पायरीवरच्या चपला बघितल्या तेव्हाच मला कळलं, आज काहीतरी मोठं आहे.

पौडच्या एसटी स्टँडजवळ त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन बायका बसल्या की तिसरीने बाहेर उभं राहायचं. नवरा बाबालाल स्कूटरला पेट्या बांधून गावोगाव फिरतो आणि भाभी इथे बसतात. धरणापर्यंतच्या निम्म्या गावांतल्या बायकांचे हात त्यांनी आपल्या हातात घेतलेत. माझा हात धरला की दरवेळी म्हणतात, "कल्पना, तू लई इचार करतीस. हाड बघ कसं ताठ झालंय."

"तो पांढरा मिक्सर काढ," त्या म्हणाल्या. "तीन भांड्यांचा. मोठ्या मोटरचा."

काऊंटरवर त्यांनी बांगड्यांचा रिकामा पुठ्ठ्याचा डबा ठेवला. रबर काढलं. आत नोटा. काही पाचशेच्या, बऱ्याचशा शंभराच्या, आणि खाली विसा-दहाच्यांचा एक थर.

"साडेतीन हजार हायेत. मोज."

"मोजते. पण कुणासाठी?"

"गौतमीसाठी. लगीन हाय न्हवं हैबतरावांच्या पोरीचं, पुढल्या गुरुवारी."

हैबतराव म्हणजे आमच्या भागातलं मोठं घर. भाताची खाचरं अजून आहेत, धरणाच्या कडेची जमीन रिसॉर्टवाल्याला दिली, बावधनला फ्लॅट घेतला. गौतमी त्यांची धाकटी. तिला मी ओळखत होते ती भाभींच्या दुकानातली पोरगी म्हणूनच. पाचवी ते दहावी ती पौडच्या शाळेत होती. शाळा सुटायची आणि तिच्या गावची एसटी यायची यांच्यामध्ये पावणेदोन तास, आणि ते पावणेदोन तास ती भाभींच्या फळीखाली बसून काढायची. दोन-चार मापाच्या बांगड्या एकीकडे लावायची, दोन-सहाच्या एकीकडे. भाभी तिला भाकरी आणि पाट्यावरच्या खोबऱ्याची चटणी द्यायच्या. एकदा पोरगी तापाने फणफणली, तर तिला मांडीवर घेऊन शेवटच्या गाडीने घरी पोचवायला गेल्या. परतीची गाडी नव्हती. सकाळच्या दुधाच्या टेम्पोतून आल्या.

"पण भाभी, पत्रिकेवर छापलंय ना? कृपया आहेर आणू नये."

"ते पावण्यांसाठी. मी पावणी हाय व्हय?" मग म्हणाल्या, "तिला माझ्या हातचं वाटण आवडायचं. आता नागपूरला चाललीया. तितं पाटा कुटं आन् मी कुटं."

यात एक गोष्ट सांगायला हवी. बांगडीवाली बाई लग्नघरात जाते ती घ्यायला. नवरीला चुडा भरायचा, मग बांगडीवालीच्या ओटीत तांदूळ, खण, नारळ, वर पैसे. पन्नास वर्षं भाभींनी घेतलेलंच आहे. आहेराच्या वहीत त्यांचं नाव कधी कुणी लिहिलेलं नाही, कारण बांगडीवालीने आहेर करावा असं कुणाच्या डोक्यातच येत नाही. या वेळी त्यांच्या आलं होतं.

मी पैसे मोजले. साडेतीन हजार बरोबर होते. मग बिल काढलं, आणि प्रिंटरने चार हजार एकशे तीसचा कागद बाहेर ढकलला.

भाभींना इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे कुणापेक्षाही चांगले वाचता येतात.

"हे तर जादा हाय."

"साडेतीन हजार मिक्सरचे. सहाशे तीस कर."

"शंभूभाऊंनी साडेतीन सांगितलं व्हतं. होळीच्या आधी. तू माहेरी गेली व्हतीस."

मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. ते वरच्या फळीवरचे डबे मोजत होते, ते त्यांनी तसेच सोडले. "टेम्पो आला का बघतो," म्हणाले आणि बाहेर गेले. त्या दिवशी कुठलाही टेम्पो यायचा नव्हता.

आमच्या ह्यांच्या जिभेवर अजून जुना भाव आहे, कच्च्या बिलाचा. सासऱ्यांच्या वेळी सेल्सटॅक्स होता, मग व्हॅट आला, मग जीएसटी आला, ह्यांनी तिन्ही वेळा एकच उपाय केला, "बिल नको असेल तर इतके." दुकानाचे कागद माझ्याकडे आले तेव्हा मी ते बंद केलं. मला सरकारचा फार कळवळा आहे असं नाही. मला दोन वह्यांतली खोटी कुठली आणि खरी कुठली हे लक्षात राहत नाही, एवढंच. मग दुपारी गिऱ्हाईक नसताना जीएसटीची पुस्तिका वाचत बसले. अर्धी कळली नाही, ती पुन्हा वाचली. आता बाजारातले चार दुकानदार मला विचारायला येतात. दहावी नापास बाईला कुणी विचारायला येतं याचं काय सुख असतं ते मी सांगत बसत नाही.

भाभी बिलावर बोट ठेवून होत्या. "हे दोनदा काय लिवलंय? तीनशे पंधरा, तीनशे पंधरा."

"अर्धा कर दिल्लीचा, अर्धा आपल्या राज्याचा. मुंबईचा."

"दोगंबी येनारेत का लग्नाला?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. बोट तिथेच होतं.

"मग कच्चं बिल कर."

"कच्च्या बिलावर वॉरंटी नाही मिळत, भाभी. नागपूरला बिघडला तर कंपनी बिल मागणार."

"ते बी खरंच."

"मी कमी करते ना. साडेतीनच द्या, त्यातच कर धरते. माझ्या दुकानात माझा भाव."

"न्हाई." त्यांनी डबा आपल्याकडे ओढला. "आहेराला घासाघीस करत न्हाईत. सवलतीतला आहेर म्हंजे अर्धा तुझाच झाला की."

"आयानला सांगा मग. सहाशे तीस त्याला काय जड आहेत?" आयान त्यांचा मुलगा, मारुंजीला टेम्पो चालवतो.

"मग आहेर आयानचा." त्या रबर लावू लागल्या. "ऱ्हाऊ दे. ल्हान मिक्सर हाय का? एका भांड्याचा?"

एका भांड्याचा मिक्सर होता. त्यात वाटण होत नाही, नुसता आवाज होतो. तो मी त्यांना दाखवला असता तर त्यांनी घेतला असता, आणि हैबतरावांच्या घरच्या त्या सगळ्या वस्तूंत तो कुठेतरी कोपऱ्यात बसला असता. भाभींचं रबर तिसऱ्या वेढ्याला तुटलं. त्यांनी ते तसंच हातात धरलं आणि माझ्या मागच्या भिंतीवर कुठेतरी बघत राहिल्या.

मी म्हणाले, "थांबा थांबा. लग्नाचा आहेर आहे, नाही का? मग कर माफ."

"आँ?"

"लग्नाच्या आहेराला कर नसतो. मीच विसरले बघा. तुमच्या काचेच्या बांगडीला कुठे आहे कर?"

"न्हाई. काचेला न्हाई."

"का नाही? सौभाग्याची वस्तू म्हणून. तसंच आहेराचं."

काचेच्या बांगडीला कर नाही हे खरं आहे. बाकीचं मी तिथल्या तिथे तयार केलं, आणि ते इतकं सुरेख जमलं की क्षणभर मलाच वाटलं, असायला हरकत नव्हती.

भाभींनी मला नीट न्याहाळलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी सहाशे तीस काय, हजारही भरले असते. त्यांनी डबा परत माझ्याकडे सरकवला.

"सरकारला बी कळतंय म्हनायचं कायतरी."

मग नाव घालायचं काम. आमच्याकडे भांड्यावर नाव कोरून देतात, त्यासाठी पेनासारखं मशीन असतं. ते लावलं की दातात शिरशिरी येते. मिक्सरच्या मोठ्या भांड्यावर मी भाभींनी सांगितलं तसं कोरलं. 'चि. सौ. कां. गौतमीस, कमरबी बाबालाल मणियार, पौड.' बाबालालचं नाव घालायचं की नाही यावर त्यांनी बराच विचार केला. "घाल," म्हणाल्या. "नावालाच हाय, ऱ्हाऊ दे नावाला." त्या खोकं उराशी धरून गेल्या. मी माझ्या पर्समधले सहाशे तीस गल्ल्यात टाकले. त्याआधी चार हजार एकशे तीसचं पक्कं बिल, भाभींच्या नावाचं, वॉरंटीकार्डाला टाचून खोक्याच्या तळाशी ठेवलं होतं. सरकारशी मी प्रामाणिक राहिले. खोटं फक्त भाभींशी बोलले.

ही गोष्ट माझ्या पर्सपाशी संपायला हवी होती. पण मी एक विसरले. पौडमध्ये एखादी गोष्ट सगळीकडे जायला हवी असेल तर ती वर्तमानपत्रात देण्याची गरज नसते, ती कमरभाभींच्या दुकानात सांगायची. लग्नसराई. रोज वीस-पंचवीस बायका हात पुढे करून त्यांच्यासमोर बसतात. हात अडकलेला असतो, त्यामुळे ऐकण्याशिवाय इलाज नसतो.

दुसऱ्याच दिवशी गंगूबाई आली. पिशवीतून पत्रिका काढून काऊंटरवर आपटली. "भाच्याचं लगीन हाय. पाच लिटरचा कुकर. कर काढून."

"कर कसा काढून?"

"कमरबीचा काढलास न्हवं? का तिचंच लगीन लगीन हाय?"

मी म्हणाले ती योजना संपली.

"मंगळवारी व्हती आन् बुधवारी संपली?"

"थोडीच होती."

दुपारपर्यंत पाच पत्रिका आल्या. एकीवर हळद-कुंकवाची बोटं होती ती पुरावा म्हणून दाखवली गेली. कोंडाजी मिस्त्री गेल्या वर्षीची पत्रिका घेऊन आला; म्हणाला, घागर तेव्हा तुमच्याकडूनच घेतली होती, तेव्हाचा कर परत द्या. आमचे हे फळीआडून हे सगळं बघत होते आणि त्यांना गेल्या दहा वर्षांत झाला नव्हता इतका आनंद होत होता.

"कच्चं बिल बंद केलंस ना," ते म्हणाले. "आता कच्चा कायदा काढलास."

"तुम्ही साडेतीन सांगितले नसते तर?"

"मी भाव खोटा सांगितला. तू तर सरकारच खोटं सांगितलंस."

मी बावधनच्या अनिमेषला फोन लावला. हा आमचे रिटर्न भरतो. वय सत्तावीस, मला काकू म्हणतो आणि माझ्या प्रश्नांना घाबरतो.

"अनिमेष, लग्नाच्या भेटीवर काही माफी असते का रे? कुठेही? कोपऱ्यात?"

"असते ना काकू. लग्नात मिळालेल्या भेटीवर आयकर नाही."

मी उभी राहिले. "म्हणजे आहे!"

"पण ती ज्याला मिळाली त्याला. नवरीला. तुम्ही वस्तू विकलीत तर जीएसटी लागणारच, घेणारा ती स्वतः वापरो नाहीतर कुणाला भेट देवो."

"आणि मी विकलीच नाही, दुकानातून फुकट दिली तर?"

"तर ती खरेदी करताना भरलेल्या कराचं जे क्रेडिट घेतलं होतं ते परत करायचं."

"फुकट देऊनसुद्धा?"

"फुकट देऊनसुद्धा. काकू, काय झालंय?"

काही नाही म्हणून मी फोन ठेवला. माझ्या खोट्याला खऱ्याची शेपटी होती खरी, पण ती भलत्याच प्राण्याची होती.

आणि मग शनिवारी हैबतराव आले. एकटे नाही. त्यांच्या पुढे कमरभाभी चालत होत्या, पदर डोक्यावर नीट घेऊन, एखाद्या मोठ्या पाहुण्याला वाट दाखवावी तशा.

"या, बसा," मी म्हणाले.

"बसत न्हाई वहिनी. लई कामं हायेत." हैबतराव खुर्चीवर बसत म्हणाले. "पावण्यांना जाताना एकेक स्टीलचा डबा द्यायचा हाय. चारशे नग. चिंचवडच्या व्यापाऱ्याकडं ठरलंच व्हतं. पर ही कमरबी दारात येऊन बसली. म्हनली, कल्पनाकडंच घ्या, ती लग्नाच्या मालाला कर लावत न्हाई."

भाभी माझ्याकडे बघत होत्या आणि हसत होत्या. "सांग की गं त्यांना. काचेच्या बांगडीचं बी सांग."

त्यांनी हे माझ्यासाठी केलं होतं. कामं टाकून, दुकान बंद करून, वरच्या गाडीने हैबतरावांच्या दारात जाऊन बसल्या होत्या. मी त्यांच्या आहेराचा मान राखला म्हणून त्यांनी माझ्या पदरात चारशे डबे आणून टाकले होते.

आता काय बोलायचं? खरं सांगितलं तर ते असं होतं: हैबतराव, कर कुणालाच माफ नाही, कमरबीला पैसे कमी पडले म्हणून मी पदरचे भरले. हे नवरीच्या बापासमोर. गुरुवारी मिक्सर स्टेजवर जाणार, आणि तो कुणाचा आहे हे शनिवारीच ठरून गेलेलं असणार. आणि खोटं चालू ठेवायचं तर चारशे डब्यांचा कर माझ्या घरातून. आमचे हे फळीआडून बाहेर आले होते आणि या वेळी त्यांना अजिबात मजा वाटत नव्हती.

"हैबतराव," मी म्हणाले, "माझी चूक झाली. मला वाटलं होतं आहेराला कर नसतो. नियम मी उलटा वाचला. अनिमेषला विचारलं तेव्हा कळलं. कर सगळ्यांनाच आहे."

"म्हंजे न्हाई माफ?"

"नाही. माफी असते ती आयकरात, ज्याला भेट मिळते त्याला. माझा घोळ झाला."

हैबतराव मांडीवर थाप मारून हसले. "आरं तिच्या! आन् अख्खा बाजार तुमास्नी इचारून कर भरतोय! शंभू, तुझी वकिलीन पास न्हाई व्हायची रं."

"दहावीलाच अडकलेली आहे," मी म्हणाले आणि मीही हसले. पुस्तिकेची ती पानं मला पाठ होती, आणि तीच मला येत नाहीत असं मी दोन माणसांसमोर सांगितलं होतं. म्हणजे उद्या सकाळपर्यंत दोनशे.

"बरं, आता आलोयच," हैबतराव उठत म्हणाले. "द्या डबे, करासकट द्या. चिंचवडला तरी कोन सोडतंय. पर वहिनी, ह्या कायद्याच्या भानगडीत नका पडू. ते आपलं बाईमाणसाचं काम न्हाई."

ते गेले. आमचे हे त्यांच्यामागे गाडीपर्यंत गेले. भाभी मात्र जिथे उभ्या होत्या तिथेच होत्या.

"कल्पना."

"चहा सांगू?"

"तू नियम उलटा वाचलास?"

"हो. होतं कधीकधी."

"तू?" त्या पुढे आल्या, काऊंटरवरचा माझा हात उचलला आणि बांगडी भरताना दाबतात तसा अंगठ्याखाली दाबला. "हाड बघ. खोटं बोलतीया."

मी हात काढून घ्यायला बघितला, त्यांनी सोडला नाही.

"मग माज्या मिक्सरचा कर कुनी भरला?"

"भाभी—"

"कुनी भरला, ते इचारलं."

"मी."

त्यांनी हात सोडला. रागावतील असं वाटलं होतं, ओरडतील. त्या नुसत्या स्टुलावर बसल्या आणि एकदम म्हाताऱ्या दिसल्या. "आयानला न्हाई मागितलं," त्या म्हणाल्या. "ह्यांना न्हाई मागितलं. दिवाळीपासून नोट नोट ठेवली. म्हटलं एक तरी चीज अशी द्यायची की जिच्यात कुनाचा हात न्हाई."

"सहाशे तीस रुपये आहेत भाभी, मिक्सर तुमचाच आहे."

"तुला न्हाई कळायचं. तू देनारीच हायेस."

हे त्यांनी टोचून म्हटलं नाही. म्हणूनच लागलं. त्या उठल्या, पायरीवरच्या चपला घातल्या आणि गेल्या. 'माफ करा' म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण माफ हा शब्द त्या आठवड्यात माझ्या तोंडून निघेना.

पुढचे तीन दिवस मी बाजारात 'उलटी वकिलीन' होते. गंगूबाई येऊन म्हणाली, "तरी मला वाटलंच." जो दुकानदार परवापर्यंत माझ्याकडे रिटर्नचं विचारायला यायचा तो समोरून गेला आणि आत बघितलं नाही. भाभींच्या दुकानावरून मी दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांच्यासमोर कुणाचा तरी हात होता आणि मान खाली.

बुधवारी हैबतरावांच्या घरी चुडा भरायचा कार्यक्रम होता. मला बोलावणं होतं. डबे पोचवायचे आहेत असं कारण सांगून मी ह्यांना पाठवलं आणि स्वतः गेले नाही.

दिवेलागणीला दुकान आवरत होते तेव्हा भाभी आल्या. बोटांच्या पेरांवर काचेचे बारीक ओरखडे, कपाळावर घाम. दिवसभर बायकांचे हात दाबून आल्या होत्या. कमरेची पिशवी सोडून त्यांनी काऊंटरवर उलटी केली. दहाच्या नोटा, विसाच्या, नाणी.

"नवरीच्या चुड्याचं न्हाई घेतलं," त्या म्हणाल्या. "ते न्हाईच घ्यायचं व्हतं. बाकी बायकांचं घेतलं. मोज."

माझ्या ओठांवर आलं होतं, 'असू द्या हो भाभी.' ते मी गिळलं. मोजायला बसले. नाणी वेगळी केली, नोटा सरळ केल्या. भाभी माझ्या बोटांकडे बघत होत्या.

"तिला सांगितलं," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"गौतमीला. चुडा भरताना. सगळ्या बसल्या व्हत्या, गंगूबाई बी व्हती. म्हटलं, कल्पनाला समदे नियम ठाव हायेत. मला पैसं कमी पडलं म्हनून ती खोटं बोलली, आन् माझी अब्रू ऱ्हावी म्हनून परत खोटं बोलली."

"अहो, कशाला सांगितलंत! सगळ्यांसमोर?"

"मग काय, तुला येडी म्हनू देऊ व्हय? मला म्हनले तर चालतंय. माजं दुकान काचेचं हाय, मला कुठला कायदा लागतोय?"

"काय म्हणाली गौतमी?"

"काय न्हाई म्हनली." भाभींनी आपला उजवा हात डाव्या हातात घेतला. "आमी दुसऱ्याचा हात दाबतो गं दिवसभर. आज तिनं माजा दाबला. लई येळ. इतका, की दोन बांगड्या वाढल्या त्यात." मग म्हणाल्या, "तिच्या आईनं इचारलं, मिक्सर आहेराच्या वहीत कुनाच्या नावानं घालायचा. म्हटलं, उद्यापातुर थांबा. अजून माजा पुरता झाला न्हाई."

मी मोजून झालं होतं. पुन्हा मोजलं. सहाशे वीस.

खोटं बोलण्याची तिसरी संधी माझ्यासमोर दहा रुपयांची होऊन बसली होती. 'बरोबर आहेत' म्हटलं की झालं. गल्ल्यात दहा टाकायला कितीसा वेळ लागतो.

"दहा कमी आहेत, भाभी," मी म्हणाले.

त्यांनी पिशवी झटकली. आत एक टिकलीचं पाकीट आणि बसचं तिकीट निघालं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी नजर हलवली नाही, आणि शनिवारपासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर काहीतरी सैल झालं.

"सकाळी देते," त्या म्हणाल्या.

"सकाळी आणा. नऊच्या आत. नंतर आम्ही लग्नाला निघणार."

"आनते की. बुडवते व्हय तुजं!"

गुरुवारी पावणेनऊला आयानचा टेम्पो दुकानासमोर उभा राहिला. मागे बायका दाटीवाटीने बसलेल्या, पुढे आयानशेजारी भाभी, जांभळ्या साडीत, मांडीवर मिक्सरचं खोकं. आयान म्हणाला, "अम्मी, द्या इकडं, मी धरतो." त्यांनी दिलं नाही. खोक्यासकट उतरल्या, खोक्यासकट पायरी चढल्या, आणि हनुवटी खोक्यावर टेकवून मुठीतलं दहाचं नाणं काऊंटरवर ठेवलं.

"झालं?"

"झालं," मी म्हणाले.

"आता पुरता माजा?"

"पुरता तुमचा."

"मग चल की. कुलूप लाव. वहीवाल्याच्या शेजारी तू बस, नाव नीट लिवतोय का बघ. तुला वाचायला येतं."